बासेलची माकडं, खेडचे बैल

यात्रांचा हंगाम आला की आमच्या घरच्या ग्रुपवर बैलगाडा शर्यतींवरून वाद पेटतो. खेडचा चुलतभाऊ म्हणतो, "प्राण्यांना हक्क ही परदेशी थेरं. आम्ही बैल पोटच्या पोरासारखा सांभाळतो." पुण्याची आतेबहीण म्हणते, "तिकडं बघा, प्राण्यांना केवढे हक्क आहेत!" मग दोघंही मला साक्षीला ओढतात, आणि मला दोघांचाही राग येतो.

तिकडं म्हणजे मी राहतो तिथं, स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये, १३ फेब्रुवारी २०२२ ला मतदान झालं: माकडं-वानरांना जगण्याचा आणि शरीर-मनाला इजा न होण्याचा मूलभूत हक्क द्यायचा का? चारातल्या जवळपास तिघांनी नको म्हटलं. प्रस्तावही बेताचाच होता. तो फक्त सरकारी संस्थांना लागू होईल, झोली या इथल्या प्राणिसंग्रहालयाला आणि औषध कंपन्यांना नाही, असं न्यायालयाने आधीच सांगितलं होतं. गिनीपिग एकटं ठेवायला इथं मनाई आहे, याचं बहिणीला फार कौतुक. ती काळजी झाली, हक्क नव्हे. गायींची शिंगं राखणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान द्यायचा प्रस्तावसुद्धा २०१८ मध्ये पडला. इथं वासराला भूल देऊन शिंगं डागतात. डोंगरउतारावर बिनशिंगी गायी दिसल्या की मला पोळ्याची रंगवलेली शिंगं आठवतात, आणि यात आमचं गाव पुढं आहे हे मी इथं कुणालाही तोंडावर सांगेन.

आणि परदेशी थेरं कशी? ७ मे २०१४ ला आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू आणि बैलगाडा बंद करताना कलम २१ मधल्या जीवनात प्राण्यांचंही जीवन धरलं. बासेलच्या आठ वर्षं आधी! पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला, २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. प्राण्यांना मूलभूत हक्क दिल्याचा दाखला नाही, असंही म्हटलं. भाऊ हाच निकाल सारखा पुढे करतो.

टॉम रेगन या तत्त्वज्ञाचं म्हणणं मला पटतं: ज्याला स्वतःचं आयुष्य बरं-वाईट जातंय हे जाणवतं, तो दुसऱ्याच्या कामापुरता नसतो. पराणी टोचली की दुखतं ते बैलाला. भावाचं प्रेम खरं आहे. तो गोठ्यात जाऊन आल्याशिवाय जेवत नाही. पण बैल पळेनासा झाला की त्याला बाजार दाखवतात. तिथून पुढे आपण त्याचं काय देणं लागतो, हे भाऊ कधीच सांगत नाही.

"तू तिकडून शिकवू नकोस," एवढंच म्हणतो. ते लागतं. बासेलच्या मतदानाचं पाकीट माझ्या टपालपेटीत आलं नाही, कारण पासपोर्ट भारतीय. गावच्या ग्रामसभेलाही मी नसतो. शर्यतीच्या घाटातली 'भिर्रर्र' आरोळी फोनवर ऐकली तरी अंगावर काटा येतो, आणि ते माझंच गाव वाटतं. पण दूर राहतो म्हणून बोलायचं नाही, हे मी मान्य करणार नाही. बैलालाही ग्रामसभेत बोलता येत नाही. त्याच्या बाजूने मी उभा राहीन, आणि त्यापायी भावाने यात्रेचं बोलावणं बंद केलं तर तेही सोसेन.