दाबा, धरा, सोडू नका

अधिक मासात जावयाचा मोठा थाट. धोंड्याचं जेवण, नवे कपडे, सासूबाईंची धावपळ. मी मात्र अंबाजोगाईत सासरच्या अंगणात भर उन्हात गाडीखाली उताणा पडलेलो, आणि वर क्लचवर पाय देऊन साक्षात सासरे. पेडल एकदा खाली गेलं की वर यायचं नाव घेईना. मिस्तरी लातूरला त्याच्या सासरी धोंड्याला गेलेला. अधिक मासात गाडी बिघडली की मिस्तरीही हमखास कुणाचा तरी जावई असतो.

दुखणं तसं साधं. क्लचच्या लाइनीत तेल असतं. ते दबत नाही, म्हणून पायाचा जोर थेट खाली गिअरबॉक्सपाशी क्लच ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोचतो. हवा शिरली की तीच दबते, सगळा जोर गिळते आणि गिअर पडत नाही. ती काढायला वरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने त्या सिलिंडरवरचं हवा काढायचं निप्पल थोडं सैल करायचं, बुडबुडे नळीतून बाटलीत आले की आवळायचं, मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला की हवा परत आत.

वर मित्र असता तर चार शिव्यांत काम झालं असतं. सासऱ्यांना काय देणार?

"मामा, दाबा. धरा. सोडू नका हं."

यातलं त्यांना फक्त 'सोडू' ऐकू जाई.

"मामा, सोडलंत का?"

"आवो जावईबापू, कव्हाचा दाबून बसलोय! पायाला मुंग्या यायल्यात!"

डॉट ४ ची, म्हणजे ब्रेक-क्लचच्या तेलाची, बाटली देऊन मेहुण्याला तेलाच्या डबीवर बसवलं होतं. बाटली हातात, डोळे मोबाइलमध्ये. डबी खाली गेली, लाइनीने वरूनच हवा ओढली. पुन्हा श्रीगणेशा. डबी ब्रेकलाही तीच, पण क्लचची नळी वरच्या अंगाला असते, म्हणून ब्रेक तरी वाचले. मेहुणा दचकून ओतायला गेला ते बॉनेटवर. हे तेल रंग खातं, असं मी खालून ओरडलो. सासूबाईंनी तत्परतेने घागर उपडी केली. रंग वाचला. खाली आहेराच्या नव्या शर्टात मी होतो.

ऊन कलल्यावर पेडल एकदाचं टणक लागलं. मी हात धुतोय तोवर मामा फोनवर माझ्या वडिलांना सांगत होते, "एअर काढली की म्या! जावईबापू व्हते पाना धरायला."