१९६९ साली कोणाचंही संतपद गेलं नाही

‘१९६९ मध्ये पोपने ख्रिस्तोफर, कॅथरीन, व्हॅलेंटाईन यांना खोटं ठरवून त्यांचं संतपद रद्द केलं’ हा कॅथलिक चर्चच्या संतांबद्दलचा मजकूर अजून फिरतोय. त्यातलं एकेक विधान तपासू.

‘संतपद रद्द केलं.’ रद्द करायला मुळात हुकूम तर हवा. पोपने रीतसर संत घोषित केल्याची पहिली खात्रीची नोंद ९९३ सालची, ऑग्सबुर्गच्या उलरिखची. त्याआधीच्या, या तिघांसारख्या रक्तसाक्षींचं (श्रद्धेपायी जीव दिलेल्यांचं) स्मरण सुरू झालं थडग्यापाशी. मृत्यूच्या तारखेला लोक दरवर्षी तिथं जमत आणि त्या तारखेला ‘जन्मदिवस’ म्हणत, स्वर्गातला. रोमच्या इ.स. ३५४ च्या दिनदर्शिकेत रक्तसाक्षींपुढे तारीख आणि दफनाची जागा, एवढंच आहे.

‘यादीतून नावं खोडली.’ कोणत्या यादीतून? पोप सहाव्या पॉलनी १४ फेब्रुवारी १९६९ च्या आदेशाने बदलली ती सर्वसाधारण रोमन दिनदर्शिका, म्हणजे कोणत्या दिवशी कोणाच्या स्मरणाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), हा जगभरासाठीचा तक्ता. संतांची मोठी नोंदवही, रोमन मार्टिरॉलॉजी, वेगळी. तिच्यात व्हॅलेंटाईन आजही १४ फेब्रुवारीलाच आहेत, रोमच्या फ्लामिनिया रस्त्यावर, मिल्वियन पुलाजवळ. ख्रिस्तोफर २५ जुलैला. दोघांचं स्मरण स्थानिक दिनदर्शिकांवर सोपवलं, इतकंच.

‘कॅथरीन कायमची गेली.’ तिचं नाव निघालं हे खरं, आणि कारणही आडपडदा न ठेवता दिलं होतं: तिच्या हौतात्म्याची कथा दंतकथा आहे, व्यक्तीबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही. हे प्रामाणिकपणे मान्य करायलाच हवं. पण २००२ च्या मिस्साग्रंथात (मिस्सेच्या प्रार्थनांच्या अधिकृत पुस्तकात) ती २५ नोव्हेंबरला परतली, ऐच्छिक स्मरण म्हणून. ऐच्छिक म्हणजे धर्मगुरूंनी तिची प्रार्थना घ्यावी किंवा त्या वारची. रविवार आला तर स्मरण गळतं. जिथं ती चर्चची आश्रयदाती, तिथं मात्र हाच दिवस सोहळ्याच्या, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तिच्याच नावाचं, कारण पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने शहर घेतलं ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी. १९६९ ते २००२ या मधल्या ३३ वर्षांत ते नाव कोणी बदललं नाही.

‘जुन्या रक्तसाक्षींना बाजूला सारलं.’ पर्पेतुआ आणि फेलिसिती यांचं उदाहरण नेमकं उलट आहे. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये ७ मार्च २०३ रोजी त्यांना मारलं. पुढे त्या तारखेवर मध्ययुगीन धर्मपंडित संत थॉमस अक्विनास यांचा सण आला, म्हणून या दोघी ६ मार्चला सरकल्या होत्या. १९६९ मध्ये अक्विनासना २८ जानेवारीला हलवलं आणि ७ मार्च या दोघींना परत मिळाला.