ओल्या रुमालाची परीक्षा आणि ‘शुद्ध’ सिगार

लग्न डिसेंबरात आहे, पण आमच्या घरच्या ग्रुपवर धूर आत्तापासूनच निघायला लागलाय. नवरदेवाच्या मित्रांसाठी सिगारचा स्टॉल ठेवायचं घाटतंय. कोणता सिगार घ्यायचा यावर भाचेजावयांनी एक मेसेज पाठवला. मला तोच मेसेज इंदुरातल्या आणखी तीन ग्रुपांवरून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काळा सिगार म्हणजे रंग मारलेला, ओल्या रुमालाने पुसला की चोरी पकडली जाते. राख पांढरी पडली तर पान शुद्ध. वासाचा हवाच असेल तर ‘फूड ग्रेड’ इसेन्सवाला घ्या. आणि रंग-वास नसलेला, हाताने वळलेला सिगार निर्धोक, कारण त्याचा धूर छातीत घेत नाहीत.

इंदुरातल्या सियागंज बाजारात माझं खाण्याच्या रंगांचं आणि इसेन्सचं दुकान आहे. जावईबापूंचा मान ठेवूनही या विषयावर मला गप्प बसवेना.

आधी काळा रंग. पोह्यांसाठी चिरलेला बटाटा पाण्याबाहेर राहिला की काळवंडतो, तो कोणी रंगवत नाही. तंबाखूच्या पानाचंही साधारण तेच होतं. हिरवं पान आठवडेच्या आठवडे टांगून सुकवतात, मग ओलावून त्याचे मोठे ढीग रचतात. ढिगाच्या पोटात पन्नास अंशांच्या आसपास उष्णता चढते, अमोनियाचा भपका सुटतो, आणि पान गडद होत जातं. ‘मादुरो’ म्हणून विकतात त्या काळपट सिगारचं वरचं पान जाड असतं आणि ते जास्त दिवस, जास्त उष्णतेत मुरवलेलं असतं. उलट फिकट पान बरेचदा कापडाच्या सावलीत वाढवलेलं. ‘कँडेला’ प्रकार तर चक्क हिरवा, कारण पान झटपट उष्णतेवर सुकवून त्यातला हिरवा रंग तसाच धरून ठेवतात. तेव्हा फिकट ते शुद्ध आणि गडद ते बनावट हे गणित चालत नाही.

रंग मारतच नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. मारतात. कधी तंबाखूचेच देठ उकळून काढलेल्या काढ्याने, कधी बाहेरच्या रंगाने. स्वस्त यंत्रावरच्या सिगारला तर पुष्कळदा पूर्ण पानही नसतं. तंबाखूचा चुरा आणि देठ यांच्या लगद्याचा कागद करून तो गुंडाळतात. पण रुमालाने यातलं काय कळणार? साधं, न रंगवलेलं पानही ओल्या कापडावर तपकिरी डाग सोडतं, चहाची पत्ती सोडते तसाच. मिठाईत कृत्रिम रंग आहे का हे पाहायला प्रयोगशाळेत पांढऱ्या लोकरीचा धागा किंचित आम्ल घातलेल्या पाण्यात त्या पदार्थाबरोबर उकळतात. कृत्रिम रंग लोकरीला धरून बसतो, नुसतं धुऊन जात नाही. परीक्षा म्हणतात ती ही. रुमालाने फक्त रुमाल खराब होतो.

राखेचं एका वाक्यात सांगतो: तिचा रंग बराचसा मातीतल्या खनिजांवर, विशेषतः मॅग्नेशियमवर असतो, शुद्धतेवर नाही.

आता माझ्या गल्ल्याशी संबंध येतो. ‘फूड ग्रेड’ म्हणजे खायला योग्य, पोटात जायला. जाळून हुंगायला योग्य, असं कोणत्याही बाटलीवर लिहिलेलं नसतं. मागे एकजण दुकानात येऊन म्हणाला, “भिया, चेरीचा असा वास द्या की जळल्यावरही टिकेल.” मी बाटली काउंटरखाली ठेवून दिली. लोण्याचा वास देणारं डायअसिटाइल घ्या. ते खऱ्या लोण्यातही असतं, खाल्लं तर काही नाही. पण अमेरिकेत मिसूरीमधल्या पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ रोज छातीत गेलेल्या कामगारांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या अरुंद झाल्याचं २००० साली उघडकीला आलं. साखरेचंही तसंच: श्रीखंडात गोड, निखाऱ्यात जळली की तिच्यातून ॲसिटाल्डिहाइड हे घातक रसायन निघतं. आणि व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन शेंगेतलं असो की कारखान्यातलं, रेणू तोच, त्यामुळे ‘नैसर्गिक व्हॅनिला’ म्हणून जळताना ते वेगळं वागत नाही. वासाची खरी खोड वेगळीच आहे. तो तंबाखूचा चरका झाकतो आणि नवख्या पोरांना पहिला झुरका सोपा करतो. म्हणूनच अमेरिकेने २००९ मध्ये मेन्थॉल सोडून बाकी वासांच्या सिगारेटी बंद केल्या. सिगार तेव्हा सुटले. त्यांच्यातल्या वासांवर बंदीचा २०२२ मध्ये आलेला प्रस्ताव जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला.

आपल्याकडे गुटख्यावर बंदी घालणारं मध्य प्रदेश पहिलं राज्य, १ एप्रिल २०१२ पासून. ती बंदी अन्न कायद्याखाली होती, कारण खाण्याच्या पदार्थात तंबाखू चालत नाही. सिगार अन्नच नाही, तो २००३ च्या तंबाखू कायद्याच्या यादीत चिरुटाशेजारी बसलाय. त्याच्या डबीवर ‘फूड ग्रेड’ वाचून समाधान मानणं म्हणजे रॉकेलच्या कॅनवर हिरवा शाकाहारी ठिपका शोधणं.

राहिला शेवटचा, आणि सगळ्यांत घातक मुद्दा. छातीत घेत नाही म्हणून निर्धोक? सिगारेटचा धूर आम्लधर्मी, सिगारचा बहुतेक वेळा अल्कधर्मी. त्यामुळे त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं, छातीपर्यंत जायची गरजच नाही. सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असतो, मोठ्या सिगारमध्ये पाच ते सतरा ग्रॅम. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी सिगारचं नातं पक्कं आहे. आणि ज्या रंग-वास नसलेल्या पानाला मेसेज ‘निर्धोक’ म्हणून डोक्यावर घेतो, त्याच्या मुरवण्यातच कर्करोगकारक नायट्रोसमाइन मोठ्या प्रमाणात तयार होतात. रंग नाही, इसेन्स नाही, नुसतं पान आणि उष्णता.

हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर दोन दिवस शांतता होती. मग जावईबापूंचा खासगीत मेसेज आला: “मामा, रुमालाने पुसून पाहिला होता. डाग निघत नाहीये.”

लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा म्हटलं, निघाला तर निघाला.