शॉक बसतो म्हणून रबरी हातमोजे? गनच्या ‘सात गुपितां’ना उत्तर

इलेक्ट्रोस्टॅटिक गन म्हणजे रंगाच्या थेंबांना विजेचा भार (चार्ज) देऊन फवारणारी गन. ‘इलेक्ट्रोस्टॅटिक गनची सात गुपितं, कंपनीवाले कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींतल्या पेंटर लोकांच्या ग्रुपांत फिरतोय. जालन्याहूनही आला. दुर्लक्ष केलं असतं, पण परवा भाच्याने तोच पाठवून विचारलं, ‘मामा, तीन नंबरचं करून बघू का? शॉक लई बसायलाय.’ भाचा लोखंडी कपाटांच्या शेडमध्ये थिनरचा रंग मारतो. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं नीट लिहितो.

मेसेज थोडक्यात असा. एक, व्होल्ट कितीही असले तरी करंट मायक्रोअँपमध्ये असतो, म्हणून धोका शून्य. दोन, अर्थिंग मशीनला असलं की पुरे. हुकावर साचलेला रंग खरवडू नका, त्याने जॉबला, म्हणजे रंगवायच्या वस्तूला, रंग उलट चांगला धरतो. तीन, शॉक बसत असेल तर रबरी हातमोजे आणि रबरी चप्पल घाला, बूथमध्ये (रंग मारायच्या बंदिस्त जागेत) खाली प्लास्टिक अंथरा. चार, सुट्टी झाली की गन रात्रभर थिनरच्या बादलीत बुडवून ठेवा. पाच, केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे गनचं व्होल्टेज) कायम फुल्ल, रंग निम्मा लागतो. सहा, पाण्याचा रंगही त्याच गनमधून मारता येतो. सात, उन्हाळ्यात एक्झॉस्ट बंद ठेवा, धूळ बसत नाही.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण माणूस भाजणार तो यानेच.

गन चालू असताना टोकाच्या नीडलभोवती भार तयार होतो आणि रंगाचे थेंब तो घेऊन निघतात. सगळे जॉबवर जात नाहीत. काही थेंब, काही भारित हवा मारणाऱ्याच्याच अंगावर येते. शिवाय इतक्या व्होल्टच्या शेजारी नुसतं उभं राहिलं तरी अंगावर भार चढतो. हा भार उतरायची वाट गन बनवणाऱ्याने ठेवलेली असते: उघडा तळहात, गनची वीज वाहणारी मूठ, तिथून अर्थची तार, तिथून जमीन. पेट्रोलच्या टँकरमागे साखळी लोंबायची ती ज्या कामासाठी, त्याच कामासाठी ही मूठ आहे. मध्ये रबरी हातमोजा आला की ती वाट बंद. खाली रबरी चप्पल आणि प्लास्टिक असेल तर पायाची वाटही बंद. आता भार जाणार कुठं? अंगावरच साचत राहणार. मग पेंटर थिनरच्या डब्याला, बूथच्या पत्र्याला किंवा हेल्परला हात लावतो आणि सगळा भार एका ठिणगीत उतरतो.

ती ठिणगी केवढी, याचा हिशेब दहावीच्या पोरालाही जमेल. माणसाच्या शरीराची भार साठवायची क्षमता साधारण १०० ते २०० पिकोफॅराड असते. १५० धरा. अंगावर १०,००० व्होल्ट चढले तर ऊर्जा होते ७.५ मिलिज्यूल. थिनरमधल्या टोल्युइनची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल तर पेटायला साधारण ०.२४ मिलिज्यूल पुरतात. म्हणजे तीसपट झाली. आता ३,००० व्होल्टचं बघा. एवढ्याची ठिणगी बोटाला जेमतेम कळते, पेंटर म्हणतो ‘काही नाही, चुरचुरलं’. तीही भरते ०.६७ मिलिज्यूल, पेटायला लागते त्याच्या अडीचपटीहून जास्त. आपल्याकडच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये टोल्युइन असतंच असतं.

अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याचा, म्हणजे ओशाचा, १९१०.१०७ क्रमांकाचा नियम फवारणीवरच आहे. हाताच्या इलेक्ट्रोस्टॅटिक गनबद्दल तो सांगतो की मूठ धातूच्या जोडणीने अर्थला बांधलेली हवी आणि मारणाऱ्याचा हात त्या मुठीशी थेट विद्युत संपर्कात राहील अशीच तिची बांधणी हवी. अमेरिकेचा नियम इथं कशाला, असं कुणी म्हणेलच. स्थिर वीज वाळूजच्या गेटवर पास काढून आत येत नाही, ती तिकडे वागते तशीच इथं वागते.

मग हातमोजे घालायचेच नाहीत का? घाला की. पीयू (पॉलियुरेथेन) रंगात मिसळायचा हार्डनर कातडीवर येऊ देऊ नयेच. पण हातमोजे अँटिस्टॅटिक, म्हणजे वीज वाहणारे घ्या. ते मिळेपर्यंत साध्या मोज्याचा मुठीशी टेकणारा तळव्याचा भाग कापून टाका. बूटही अँटिस्टॅटिक तळाचे हवेत. खाली पुठ्ठा, प्लास्टिक, फ्लेक्स काही अंथरायचं नाही. लोखंडी जाळी असेल तर तिच्यावरचा वाळलेला रंग खरवडायचा, कारण इंचभर रंगाच्या थरावर उभं राहणं आणि प्लास्टिकवर उभं राहणं यात फरक नाही. डबा धरून शेजारी उभा असतो त्या हेल्परलाही हे सगळं लागू, त्याच्या हातात तर गनची मूठही नसते. खिशात किल्ल्या, लायटर, मोबाइल नको.

आणि मुळात शॉक बसतो कशाला? सगळं जागेवर असेल तर बसत नाही. शॉक म्हणजे कुठंतरी अर्थ तुटलंय. आधी मुठीपासून अर्थ बसबारपर्यंत, म्हणजे सगळ्या अर्थच्या तारा जोडतात त्या पट्टीपर्यंत, रोध मोजा. हवेने फिरणाऱ्या टर्बाइनवर स्वतःची वीज बनवणाऱ्या गनला हवेची जी नळी येते ती साधी नसते, तिच्यात अर्थची तार असते. नळी फाटली म्हणून कुणी बाजारातला पाइप जोडला की हवा चालू आणि अर्थ गायब. गन बिनतक्रार चालते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. केबलच्या गनमध्ये हेच काम केबलमधली तार करते आणि ती बहुधा मुठीजवळ वाकून वाकून तुटते. त्यानंतर बूट बघा, मग हुक.

हुकावर आलोच तर दुसरा मुद्दा. कोरडं हवामान, मुरूम आणि काळा खडक, म्हणून आपल्याकडे सगळे अर्थ पिटाच्या, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याच्या, मागे लागतात. मीठ-कोळसा टाका, पाणी ओता, रीडिंग वहीत लिहा. विजेच्या सुरक्षेसाठी ते करायलाच हवं. पण स्थिर वीज उतरवायला जॉब ते जमीन १ मेगाओमपर्यंतचा रोधही चालतो, आणि पिटाचं रीडिंग ५ ओम आलं काय, १५ आलं काय, त्याच्या मानाने ते नगण्य आहे. वाट तुटते ती पिटात नाही, वर हुक आणि जॉब टेकतात तिथं. हुकावर दहा-बारा थर चढले की तो लोखंडाचा हुक राहत नाही, रंगाचा हुक होतो. मग लटकलेलं कपाटाचं दार अधांतरी भार साठवतं आणि रंगही त्याच्याकडे ओढला जात नाही, उलट परतून पेंटरच्या अंगावर येतो. ‘रंग चांगला धरतो’ हे ज्याने लिहिलं त्याने अशा हुकावरचा जॉब कधी बघितला नसावा. ओशाचा तोच नियम इथंही कामाला येतो: हुक नियमित साफ करा, टेकायची जागा शक्यतो टोकदार किंवा धारेची ठेवा, आणि जमेल तिथं ती फवाऱ्याच्या आड ठेवा.

जॉबचा रोध मोजायचा मेगरने (जास्त व्होल्ट देऊन मोठा रोध मोजणारं मीटर), ५०० व्होल्टवर, एक टोक जॉबवर आणि दुसरं अर्थवर. साधा मल्टीमीटर काही व्होल्टवर चालतो, तो मेगाओमच्या बाबतीत भरवशाचा नाही. मेगर स्वतः ठिणगी पाडू शकतो, म्हणून फवारणी बंद, डबे झाकलेले किंवा बाहेर, एक्झॉस्ट चालू, असं सगळं झाल्यावरच तो बूथमध्ये आणायचा. हुकांचे दोन-तीन संच ठेवले की एक लाइनवर असताना दुसरा साफ होतो.

पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करतो. गनचा करंट खरोखर मायक्रोअँपमध्ये असतो. गनच्या पुढच्या नळीत (बॅरलमध्ये) मोठा रोधक बसवलेला असतो, त्यामुळे टोक अर्थजवळ आलं की व्होल्टेज आपोआप पडतं. चांगल्या स्थितीतल्या गनच्या टोकाला चुकून बोट लागलं म्हणून माणूस मरत नाही. पण वरचा हिशेब पुन्हा बघा, त्यात करंट कुठंच आला नाही. वाफ पेटते ती साठलेल्या भाराने, आणि तो गनमध्ये नसतो. तो अर्थ न केलेल्या माणसात, डब्यात, जॉबमध्ये असतो. त्यातही गन ‘चांगल्या स्थितीतली’ हवी. टोकाची नीडल वाकली म्हणून तिथं तांब्याची तार किंवा सेफ्टी पिन खोचणारे महाभाग आहेत. रोधकाच्या पुढं धातू वाढवला की तिथं साठणारी ऊर्जा वाढते आणि बनवणाऱ्याने केलेला सगळा हिशेब मोडतो. नीडल गेली तर नवी नीडल येईपर्यंत गन बंद.

चौथा मुद्दा गनचा जीव घेणारा. बादलीत बुडवलेल्या गनमध्ये थिनर हवेच्या वाटेने आत शिरतं, सील फुगतात, आणि विरघळलेला रंग पॉवर सप्लायच्या पोकळीपर्यंत जातो. सकाळी तोच वाळून वीज गळायची वाट होतो. मग ‘केव्ही येईना’ म्हणून गन दुरुस्तीला, आत उघडून बघावं तर नळीवर काळ्या जळक्या रेघा. त्यात बादली प्लास्टिकची असेल तर तिला अर्थ करताच येत नाही.

साफसफाई अशी करायची. आधी इलेक्ट्रोस्टॅटिक बंद. फवारा मारून नव्हे, स्विचने किंवा लिव्हरने बंद. मग टोक अर्थ केलेल्या धातूला टेकवून उरलेला भार उतरवा. पंप किंवा प्रेशर पॉटची हवा तोडा आणि गनचा धातूचा भाग अर्थ केलेल्या लोखंडी डब्याच्या काठाला टेकवून ट्रिगर दाबा, म्हणजे दाब उतरेल. त्यानंतर थिनर कमी दाबाने सोडा, स्वच्छ येईपर्यंत. केव्ही चालू ठेवून फ्लश करणं हा या कामातला सगळ्यात मोठा मूर्खपणा आहे. एअर कॅप आणि नोझल काढून मऊ ब्रशने धुवा, तारेचा ब्रश किंवा खिळा नको. एअर कॅप काढताना आणि पुसताना गनचं तोंड खाली ठेवा, नाहीतर थिनर आत ओघळतं. बाहेरून कपडा भिजवून पुसा, गन भिजवू नका. एमईके (मिथाइल इथाइल कीटोन), अ‍ॅसिटोनसारखं वीज वाहणारं सॉल्व्हंट वापरलं असेल तर शेवटचा हात झायलीन किंवा एमटीओचा (मिनरल टर्पेंटाइनचा) द्या आणि गन पूर्ण वाळू द्या. मिथिलीन क्लोराइडवाला पेंट रिमूव्हर गनच्या जवळ आणू नका, नायलॉनचे भाग जातात. जोडताना पॉवर सप्लाय आणि रोधकाच्या जागी डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, साधं बेअरिंगचं ग्रीस चालत नाही. महिन्यातून एकदा गन बूथबाहेर नेऊन तिचा रोध मेगरने मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. फार कमी आला तर आत गळती, फार जास्त आला तर नीडल किंवा रोधक तुटलेला.

पाचवा. रंग वाचतो हे खरं, आणि पाइप, ग्रिल, जाळी असे जॉब असतील तर भरपूर वाचतो, कारण फवारा मागच्या बाजूलाही वळतो. सपाट पत्र्यावर तेवढा फायदा नाही. पण कायम फुल्ल केव्ही ठेवलं तर कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात रंग जातच नाही, सगळा कडांवर बसतो आणि कडेला ओघळ येतात. कोपरे आधी मारा, तेव्हा केव्ही आणि हवा दोन्ही कमी करा, मग मोकळ्या भागाला वाढवा. अंतर २० ते ३० सेंटिमीटर. सिल्व्हर किंवा मेटॅलिक रंगात केव्ही पडत असेल तर गनला दोष देण्याआधी नळीत बसलेली धातूची पूड धुऊन काढा, तिच्यातूनच वीज उलटी पंपाकडे पळते.

सहाव्यातही हेच होतं, फक्त पुरतं. पाण्याचा रंग वीज वाहतो, त्यामुळे साध्या गनमध्ये सगळा भार नळीतून अर्थ केलेल्या पंपाकडे जातो आणि टोकाला काहीच उरत नाही. मग कुणीतरी डोकं लढवून पंपाचं अर्थिंग काढतो आणि डबा प्लास्टिकच्या क्रेटवर ठेवतो. आता अख्खा डबा हजारो व्होल्टवर आणि शेजारी हेल्पर. पाण्याच्या रंगासाठी वेगळी गन आणि कुलूपबंद, दार उघडलं की भार उतरवणारी आयसोलेशन यंत्रणा लागते. ती नसेल तर पाण्याचा रंग साध्या एअर गननेच मारा.

सातव्याला दोन ओळी पुरतात. झायलीनच्या वाफा साधारण २७ अंशांच्या पुढं पेटण्याइतक्या होतात आणि मे महिन्यात आपल्याकडे शेडमध्ये चाळीसच्या खाली काही नसतं, वर कोरड्या हवेत भारही लवकर उतरत नाही. त्याच दिवसांत एक्झॉस्ट बंद करा म्हणे! हवेत वाफ निदान जेवढी असली की पेटू शकते, त्याच्या २५ टक्क्यांच्या आत तिचं प्रमाण राहिलं पाहिजे, आणि गनची हवा सोलेनॉइडने (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हने) एक्झॉस्टशी अशी जोडलेली हवी की पंखा थांबला की गनही थांबली. धूळ येते ती आत येणाऱ्या हवेच्या फिल्टरमुळे, तो बदला. बदललेला जुना फिल्टर आणि रंगाचे बोळे शेडच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका. अल्किड (तेलावर आधारलेल्या) रंगाचे बोळे ढिगात आपोआप तापतात. झाकणाच्या लोखंडी डब्यात पाणी घालून ठेवा आणि रोज संध्याकाळी शेडबाहेर काढा.