आमच्या दारातला लाल चोचिन

जपानात भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा नसतो. टाचणीचं भोक माफ असतं, खिळ्याचं घर सोडताना अनामत रकमेतून वळतं होतं. आणि माझ्या सासूबाई पडल्या सदाशिव पेठेतल्या. कोरी भिंत दिसली की त्यांना आधी हातोडी आठवते.

तोक्योच्या निशी-कासाईत मराठी घरं बरीच. दिवाळीत वाळत घातलेल्या कपड्यांआडून आकाशकंदील डोकावतात. यंदा मात्र, ‘इथे आलेय तर इथलाच लावू,’ असा हुकूम सुटला. म्हणून तोक्योतल्याच असाकुसाच्या देवळाकडे निघालो.

तिथल्या कामिनारीमोन दरवाजातला चोचिन, म्हणजे जपानी कागदी कंदील, 3.9 मीटर उंच, वजन 700 किलोच्या आसपास. पॅनासॉनिकचे संस्थापक मात्सुशिता यांनी दुखण्यातून उठल्यावर नवस फेडावा तसा 1960 साली तो देवळाला दिला. खालच्या कड्यावर कंपनीचं नावही आहे. ‘म्हणजे आपल्या देवळातल्या पंख्यासारखंच,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पात्यावर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.’ एवढं धूड, पण वादळ आलं की घडी करून वर घेतात, हे मी सांगितलं. त्यावर ‘घडी होते? मग बॅगेत मावेल,’ एवढंच त्यांनी ऐकलं.

दुकानात त्यांनी बोट ठेवलं ते लाल चोचिनवर. मी हळूच सांगितलं, ‘आई, इथे दारात लाल चोचिन म्हणजे इझाकाया. दारू मिळते तिथे.’

‘दिवाळीत लाल शुभच. चीनमध्ये नव्या वर्षाला लालच टांगतात, मी टीव्हीवर पाहिलंय.’

चीनपुढे मी काय बोलणार?

घरी आणल्यावर तो उघडणं हा वेगळाच सोहळा. बांबूच्या बारीक काड्या, त्यावर कागद, आणि सगळं पापडासारखं चपटं. वरची कडी मी धरली, खालची बायकोनं. ‘ओढ!’ ‘तू ओढ!’ ‘फाटेल!’ संसारात एवढ्या नाजूकपणे आम्ही काहीच ओढलेलं नाही. मग आत एलईडी दिवा. टांगायला खिळा नाही, म्हणून दोन भिंतींत दाबून बसवायची स्प्रिंगची दांडी आणली. ती पहिल्या रात्री धाडकन खाली आली. सगळे भूकंप समजून टेबलाखाली. दुसऱ्या रात्री खरा भूकंप झाला, तेव्हा ‘दांडीच असेल’ म्हणून कुणी कूसही बदलली नाही.

शेवटी तळमजल्याच्या दाराबाहेर, कपडे वाळवायच्या दांडीला तो बांधला. झकास दिसत होता, हे मान्य करावंच लागेल.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बेल वाजली. दारात कोट-टायमधले एक गृहस्थ, टाय सैल, चेहऱ्यावर दिवसभराचं ऑफिस. कमरेत वाकून त्यांनी विचारलं, एका माणसाला जागा आहे का?

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी त्यांना पाटावर बसवून पुढ्यात फराळाचं ताट ठेवलं. गृहस्थांनी चकली मोडली, डोळे मिटून चावली, आणि अतिशय अदबीनं विचारलं, ‘सोबत बिअर कुठली आहे?’