स्टिकर कुणी खरवडला?

काल रात्री सोलापूरच्या पार्क चौकातल्या आमच्या कट्ट्यावर अण्णा आला तो लॅपटॉपची पिशवी छातीशी धरूनच. पोरगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासाठी त्यानं १४ हजारांना जुना लॅपटॉप घेतला. रोख दिले, बिल घेतलं नाही. दुकानात व्यवस्थित चालला होता. पोरीनं घरी रिसेट मारून वायफाय जोडलं आणि स्क्रीनवर पुण्यातल्या एका कंपनीचं नाव आलं. खाली ऑफिसचा ईमेल मागणारी चौकट.

"पेनड्राइव्ह आणतो, फॉरमॅट मारतो," बारक्या म्हणाला. त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं काम, हात शिवशिवतातच.

मास्तर पॉलिटेक्निकला शिकवतात. ते म्हणाले, "फॉरमॅटनं जाणार नाही बे. नोंद डिस्कवर नाहीच. कंपनीनं या मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टकडं नोंदवून ठेवलीय, ऑटोपायलट म्हणतात त्याला. कितीही वेळा विंडोज टाक, नेट लागलं की परत हेच."

"मग नेट न लावता टाकू की. दुकानवाल्यानं तेच केलं असणार."

तेच केलं असणार, आणि माझा राग त्यावरच होता. मी लॅपटॉप उलटा केला. मधोमध आयताकृती डाग, त्यावर काळा पडलेला गोंद, आडव्यातिडव्या पात्याच्या रेघा. एका कोपऱ्यात अर्धा बारकोड तेवढा उरलेला. म्हटलं, "सरळ मार्गानं आलेल्या मालावरचा स्टिकर असा कोण खरवडतो?"

मास्तरांना हे पटलं नाही. कंपन्या जुनी मशीन लॉटनं भंगारवाल्यांना विकतात, स्टिकर तेव्हाच काढतात आणि ऑनलाइन नोंद काढायची राहून जाते, असं नेहमी होतं म्हणे. "लॉक दिसलं की चोरी, असं धरू नका." हे मला मान्य करावं लागलं. पण मग विचारायला काय हरकत आहे? चालू करताना एफ-२ दाबलं की या मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, सीरियल नंबर दिसतो, स्टिकर खरवडला तरी तो जात नाही. तो कंपनीला कळवायचा. त्यांनी विकलं असेल तर त्यांचा आयटीवाला नोंद काढू शकतो, त्यात फार काम नाही.

"आणि चोरीचा निघाला तर?" अण्णाचा आवाज बसला. "पैसे गेले, लॅपटॉप गेला, वर पोलीस."

यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. हे पैसे त्यानं यंत्रमागावर उभं राहून मिळवलेत, आम्हाला माहीत आहे. तरी मी बोललो, कारण गप्प बसून अण्णाचं भलं होणार नव्हतं. चोरीचा माल आहे हे कळून किंवा तसं मानायला कारण असून अप्रामाणिकपणे ठेवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कालपर्यंत अण्णाला काही माहीत नव्हतं. आता कंपनीचं नाव आम्ही सगळ्यांनी वाचलंय. आता बारक्याची युक्ती वापरली तर ते अण्णानं जाणूनबुजून केलेलं होईल, आणि पोरगी प्रत्येक रिसेटला घाबरत बसेल.

बारक्या तणतणला, "मोबाईलचं बरंय, आयएमईआय नंबर टाकला की सरकारच्या संचार साथीवर कळतं. लॅपटॉपचं गिऱ्हाइकानं बघायचं कुठं?" त्याचं खरं आहे. पूर्वी बायोसचा पासवर्ड सेल काढला की उडायचा, नव्या मशीनमध्ये बहुतेक तसा उडत नाही. टी-२ ही सुरक्षा चिप असलेल्या मॅकबुकला ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे मालकाच्या ॲपल खात्याला बांधलेलं कुलूप, असेल तर आधीच्या मालकाशिवाय सरळ मार्गानं गाडी हलत नाही. तो मात्र लांबूनसुद्धा आपल्या खात्यातून ते मशीन काढू शकतो. म्हणून पैसे मोजण्याआधी दुकानातच, आपल्या मोबाईलच्या नेटवर, आपल्यासमोर रिसेट करायला लावायचं. अर्धा-पाऊण तास गेला तर जाऊ दे. आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यायचा.

"हे आधी सांगायचं की रे," अण्णा म्हणाला. मला वाईट वाटलं. घ्यायच्या आदल्या दिवशी तो याच कट्ट्यावर बसला होता आणि आम्ही गड्ड्याच्या जत्रेच्या गप्पा मारत होतो.

सकाळी ११ ला चौघांनी दुकानात जायचं ठरलं. आधी बिल मागायचं आणि माल कुठून आला ते विचारायचं. सांगत नसेल तर पैसे परत. बारक्यानं सीरियल नंबरचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. पोरीचं सबमिशन सोमवारी आहे, तोवर मास्तरांचा लॅपटॉप तिच्याकडं राहील.