आल्याचा चहा पण फ्लेवर्डच की : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. सहा चहांच्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली. उत्तर द्यायला आठवडा लावला त्याबद्दल सॉरी, पण तुम्ही लिहिलेलं एकदा हाताने करून बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी त्या पोस्टमध्ये दार्जिलिंगचे दोन (फर्स्ट फ्लश म्हणजे मार्च-एप्रिलची पहिली खुडणी आणि सेकंड फ्लश म्हणजे मे-जूनची दुसरी), एक जास्मिन ग्रीन टी, एक अर्ल ग्रे (बर्गमोट या फळाच्या वासाचा काळा चहा), एक आंब्याच्या फ्लेवरचा चहा आणि आमच्या घरची रोजची सीटीसी पावडर असे सहा चहा शेजारी शेजारी करून चव लिहिली होती. काकांचं पुण्यात तीस वर्षं अमृततुल्य आहे. त्यांचं म्हणणं असं, की एक, सगळे चहा उकळत्या पाण्यात सारखाच वेळ ठेवले तर ग्रीन टी कडू होणारच, त्यात चहाचा काय दोष. दोन, आंब्याच्या चहाला नावं ठेवायची आणि आल्याचा चहा मात्र गोड मानायचा हा दुटप्पीपणा आहे. तीन, सेकंड फ्लशला द्राक्षासारखा वास येतो असं मी लिहिलं, तर तो पण इसेन्सच असणार. आणि चार, सीटीसीला मी 'भुकटी' म्हटलं ते त्यांना लागलं.

चौथ्यापासून सुरू करते, कारण तिथे माझं चुकलंच. शब्द मागे घेते, पोस्टमधूनही काढलाय. लूज लीफ प्यायला लागलं की माणसाला असं वाटायला लागतं की अख्खं पान म्हणजे चांगलं आणि बारीक दाणा म्हणजे झाडून गोळा केलेला कचरा, आणि हे सरळ सरळ चूक आहे. डस्ट, फॅनिंग्ज, बीओपी (ब्रोकन ऑरेंज पेको) ही सगळी चाळणीतून पडणाऱ्या आकाराची नावं आहेत, प्रतीची नाहीत, चांगल्या बागेची डस्ट सुमार बागेच्या अख्ख्या पानापेक्षा कितीतरी सरस असू शकते. सीटीसी म्हणजे क्रश, टेअर, कर्ल, दाते असलेल्या दोन रोलरमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करायचे. हे मशीन १९३० च्या दशकात आसाममध्ये, आमगुरीच्या बागेत विल्यम मॅककर्चर यांनी आणलं आणि आज आपल्या देशातला बहुतेक चहा याच पद्धतीने होतो. दाणा बारीक म्हणून पाणी सगळीकडून लागतं, दोन मिनिटांत रंग, दोन मिनिटांत कडकपणा. आणि दूध घालायचं तर असाच चहा लागतो, कारण दुधातलं केसिन नावाचं प्रथिन चहातल्या टॅनिनला धरतं आणि तोंड ओढणारा तुरटपणा बसतो, म्हणजे मुळात भरपूर कडक असलेला चहाच दुधाखाली टिकतो. दार्जिलिंगमध्ये दूध घालून बघितलंय मी. फुळकवणी लागतं, दूध वाया आणि चहा पण वाया. तुमच्या पातेल्यात दार्जिलिंग चालणार नाही आणि माझ्या काचेच्या किटलीत तुमची डस्ट चालणार नाही, एवढंच खरं तर मला लिहायचं होतं आणि ते मी नीट लिहिलं नाही.

आता पहिला मुद्दा, ज्यासाठी आठवडा गेला. मी सगळे चहा सारखेच केले ते मुद्दामच. चहा तोलून बघणाऱ्या लोकांची एक ठरलेली पद्धत आहे, आयएसओ ३१०३ म्हणून, १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, ६ मिनिटं, बस. ती चहा छान लागावा म्हणून नाहीच, ती तुलना करता यावी म्हणून आहे. सहा मिनिटांत पानात जे काही आहे ते बाहेर येतं, गुण येतात तसे दोषही येतात, जसं आपण गवयाला कोरा आवाज लावायला सांगतो तसं. पण तुमचं म्हणणं वाचल्यावर लक्षात आलं की मी त्या पद्धतीने केलेला कप घेऊन खाली लिहून टाकलं 'जास्मिन कडू आहे, घेऊ नका'. म्हणजे माप घ्यायची पद्धत वापरून प्यायचा सल्ला दिला! ही दोन वेगळी कामं आहेत आणि मी ती एकात एक मिसळली. तुम्ही बरोबर पकडलंत.

म्हणून रविवारी सकाळी जास्मिन परत केला. ग्रीन टीला साधारण ७५ ते ८० डिग्रीचं पाणी हवं. थर्मामीटर नाही माझ्याकडे, पण तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधं पाणी घातलं की जवळपास ८० ला येतं, हा हिशोब घरात कुणालाही जमतो. दोन मिनिटं ठेवला. काका, तो वेगळाच चहा होता. आधीच्या वेळी मी लिहिलं होतं की जिभेच्या मागे कडवट राहतं, यावेळी कडवटपणा नावालाही नाही, आधी ताज्या मटारच्या शेंगेसारखी गोडसर हिरवी चव आणि मग घोट गिळून झाल्यावर नाकातून मोगऱ्याच्या जातीचा तो वास, गजरा कुणी काढून ठेवलेल्या खोलीत सकाळी येतो ना तसा, जुना झालेला आणि मऊ. तीच पाकिटातली पत्ती, तेच २ ग्रॅम. मूळ पोस्टमध्ये हे वर जोडलंय.

एक चूक मात्र तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं, ती मीच सांगते. पहिल्या वेळी सगळ्या कपांवर एक पातळ तवंग आला होता, कपाच्या कडेला तपकिरी रेघ धरत होती, मी तो चहाचाच गुण समजले. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी होतं, बोअरचं, जड. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे कोऱ्या चहावर अशी साय धरते आणि चव बोथट होते. या रविवारी धरणाचं पाणी होतं, तवंग गायब, आणि सगळ्यात जास्त फरक फर्स्ट फ्लशला पडला कारण तो मुळात नाजूक, मार्च-एप्रिलमधला, थंडीनंतरचा पहिला कोंब. त्याला मी आधी 'सपाट' म्हटलं होतं. आता म्हणणार नाही.

आता द्राक्षाचा वास. काका, यात इसेन्स नाही, आणि हे सांगताना मला फार आनंद होतो कारण माझं माहेर यवतमाळकडचं. आमच्याकडे तुडतुडे म्हटलं की कपाशी, पानं कडेने लाल पडणं आणि बाबांची फवारणीची घाई. दार्जिलिंगच्या मे-जूनच्या पानांवर याच तुडतुड्यांचे भाऊबंद बसतात आणि कोवळ्या पानाचा रस शोषतात. पान स्वतःला वाचवायला आत काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि तेच पान खुडून, मुरवून, वळून, काळं होऊ देऊन भाजलं की त्यातून मस्कट जातीच्या द्राक्षांच्या जवळ जाणारा वास येतो, त्यालाच मस्कटेल म्हणतात. तैवानमधला ओरिएंटल ब्यूटी म्हणून जो ऊलाँग (अर्धवट काळा होऊ दिलेला चहा) आहे तोही याच चाव्यावर उभा आहे, आणि त्यासाठी तिथले शेतकरी बागेत फवारणी टाळतात. ज्या किडीला आम्ही आयुष्यभर शिव्या दिल्या ती दुसऱ्या पिकात चव घालते हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बाबांना फोन करून सांगितलं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तिकडे पाठव आपले."

आणि आता तुमचा दुसरा मुद्दा, जो मला सगळ्यात आवडला आणि सगळ्यात जास्त टोचला. आल्याचा चहा फ्लेवर्डच आहे. मान्य, शंभर टक्के मान्य. गवती चहा, वेलची, सुंठ, सगळं फ्लेवरच. आणि बाहेर बघितलं तर जगातले कितीतरी मोठे चहा फ्लेवर केलेलेच आहेत. जास्मिनचं घ्या, चीनमध्ये फुजियान प्रांतात फूझौ भागात दुपारी कळ्या खुडतात, त्या रात्री उमलतात, उमलायच्या वेळी ग्रीन टीमध्ये थर देऊन ठेवतात, चहा वास ओढून घेतो, सकाळी फुलं चाळून काढतात, आणि चांगल्या चहाला हे पुन्हा पुन्हा, कितीतरी रात्री करतात. अर्ल ग्रेमध्ये बर्गमोटच्या सालीचं तेल, हे लिंबू-संत्र्याच्या कुळातलं फळ, इटलीच्या दक्षिणेला कॅलाब्रियात होतं. लॅपसांग सूशाँग हा चिनी काळा चहा तर पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. तेव्हा फ्लेवर आहे म्हणून चहा हलका, असं मी म्हणूच शकत नाही आणि मी तसं म्हटलं असेल तर ते घाईचं होतं.

पण आंब्याच्या चहावरचं मत मी बदलत नाही, आणि का ते सांगते. पाकीट उघडलं तेव्हा सगळ्या स्वयंपाकघरात आंब्याची गोळी फोडल्यासारखा वास. पहिला कप तसाच, नाकाला आंबा आणि जिभेला काहीच नाही, पातळ. मग मी सहाही चहांचा चोथा पांढऱ्या बशीत काढला आणि त्याच चोथ्यावर परत पाणी ओतलं. सेकंड फ्लशची पानं बशीत उलगडली होती, तांबूस तपकिरी, ओळखू येणारी, एकाला तर देठ आणि दोन पानं अजून चिकटलेली, आणि दुसऱ्या पाण्यालाही चव होती, थोडी मधासारखी. जास्मिनचं दुसरं पाणी पहिल्याहून मला जास्त आवडलं. अर्ल ग्रेचा बर्गमोट कमी झाला पण खाली कोरा चहा भक्कम उभा होता. आंब्याचं दुसरं पाणी म्हणजे रंगीत गरम पाणी, वास गेला आणि त्याच्याखाली चहा नव्हताच. वरून मारलेला वास पहिल्या पाण्यात निघून गेला आणि आतली पत्ती उघडी पडली. माझा राग आंब्यावर नाहीये, वासाच्या आडून निकृष्ट पत्ती विकण्यावर आहे. उद्या कुणी चांगल्या पत्तीवर खरा आंबा चढवला तर मी आनंदाने पिईन.

आणि मग हीच फूटपट्टी आपल्या आल्याच्या चहाला लावायला हवी ना? लावली. घरची पावडर, जी आम्ही बारा वर्षं आणतोय, ती पहिल्यांदा नुसती प्यायले. दूध नाही, साखर नाही, आलं नाही. खरं सांगते, बारा वर्षांत मला माहीतच नव्हतं की तिची स्वतःची चव काय आहे. कडक होती, रंग सुंदर विटकरी, आणि कडकपणाच्या मागे एक भाजक्या धान्यासारखी चव, ती दुधात कधी कळलीच नव्हती. पास झाली ती. पण समजा पास झाली नसती तर आलं-वेलची-साखरेच्या खाली मला कधीच कळलं नसतं, आणि इथे तुमचा मुद्दा पूर्ण बरोबर आहे, जे आंब्याच्या चहाबद्दल बोलते ते आल्याच्या चहाबद्दलही होऊ शकतं. फरक एवढाच सांगेन की आलं कपात आपल्या डोळ्यांसमोर ठेचून पडतं, किती आणि कुठलं ते आपल्याला दिसतं.

आल्यावरून आठवलं, तुम्ही लिहिलंय की आलं आधी पाण्यात उकळायचं, दुधात कच्चं कधी टाकायचं नाही. मी हे आईकडून ऐकून करत होते, कारण नंतर वाचलं. कच्च्या आल्यात एक एन्झाइम असतं जे दुधातलं प्रथिन तोडतं आणि दूध फाटतं, उकळलं की ते मरतं. तुम्हाला ते पुस्तकातून कळायची गरजच पडली नाही, रोजच्या पातेल्याने शिकवलं.

खर्चाचं पण बोलते कारण 'श्रीमंतांचे चोचले' असं तुम्ही म्हणालात. माझं सेकंड फ्लश १०० ग्रॅमला ६५० रुपये पडलं. आकडा मोठा दिसतो, पण २ ग्रॅमचा एक कप, म्हणजे ५० कप, कपाला १३ रुपये, आणि दुसरं पाणी धरलं तर साडेसहा. दूध नाही, साखर नाही, गॅस एकदाच. रोज चार माणसांच्या घरात हे परवडेल असं मी म्हणत नाही, आमच्याकडेही सकाळी सीटीसीच होते, आल्याची, आणि ती बंद करायचा विचार नाही. दुपारी एकटी असते तेव्हा एक कप हा.

आता एक मागणं आहे. तुमची डस्ट आणि दाणा तुम्ही मिसळून वापरता असं लिहिलंय, प्रमाण सांगितलं नाहीत, ते धंद्याचं आहे, विचारत नाही. पण ती मिसळ १०० ग्रॅम विकत मिळेल का? पुढच्या रविवारी धरणाचं पाणी असेल तर मी परत सहा कप मांडणार आहे, आंब्याच्या जागी तुमची ठेवते. आधी नुसती कोरी, २ ग्रॅम, ६ मिनिटं, आणि मग तुम्ही सांगाल तशी, तुम्ही सांगाल तेवढा वेळ उकळून, दूध कधी घालायचं तेही तुम्हीच सांगा. दोन्ही कपांचं जे लागेल ते इथेच लिहीन.